लगूनमधले नाना

आमच्या घरात कुणीही भुताला मानत नाही. त्यामुळे शेतात भूत निघाल्यावर काय करायचं असतं, हे आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

इतरांच्या घरी सोय असते. लिंबू असतं, नारळ असतो, पलीकडच्या वाडीत एखादा जाणता माणूस असतो. आम्ही पडलो बौद्ध, आणि त्यात आमचे नाना, म्हणजे वडील, यांनी भुतांशी उघड उघड वैर धरलेलं. गावातल्या ज्या चिंचेखालून भर दुपारी जायला लोक टरकायचे, तिच्याच बुडाशी बसून नाना भाकरी खायचे. वर पाणी पिऊन मोठ्याने ढेकर द्यायचे. (भुताला ऐकू जावं म्हणून!) "भूत म्हणजे रिकाम्या डोक्यातला कचरा," असं ते म्हणायचे आणि आम्ही भावंडं माना डोलवायचो. अशा घरात भीती वाटली तरी ती सांगायची कुणाला?

मी अंबडला शाळेत भूगोल शिकवते. माझा धाकटा भाऊ गौतम, त्याची बायको रेखा आणि आमची माय, अशी तिघं गावाकडे असतात. गंगेच्या बाजूला आमचं शेत आहे. (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.) त्यात मोसंबीची बाग. ती नानांनी शेवटच्या दिवसांत स्वतःच्या हाताने लावली आणि पहिलं फळ धरायच्या आत ते गेले. त्यामुळे बागेतल्या एखाद्या झाडाचं पान पिवळं पडलं तरी गौतमचा चेहरा त्याहून पिवळा पडतो. विहीर उन्हाळ्यात बुडाला जाते, बाग जगवायची तर पाणी साठवायलाच हवं, म्हणून त्याने शेततळं खणलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे त्याने मला विचारलं, आणि तिथं घोळ झाला.

"आक्का, तळाला मुरूम लागला, टोकदार दगडं हायेत. कागद फाटन. काय करावं?"

कागद म्हणजे तळ्यात अंथरायचं ते जाड काळं प्लास्टिक. त्याला एक भोक पडलं की सगळं पाणी जमिनीच्या पोटात जातं. आता अशा वेळी शहाणी माणसं खाली बारीक माती पसरतात. पण मी भूगोलाची! मी म्हटलं, "निसर्गात उथळ पाण्याच्या तळाशी मऊ गाळ असतो. तू भुसा अंथर, त्यावर कडबा, आणि त्याच्यावर जुन्या वाकळी."

वाकळी म्हणजे मायने शिवलेल्या गोधड्या. माय कुणाचाही कपडा टाकत नाही. माणूस गेलं की त्याचं धोतर, लुगडं, सदरा, सगळं तिच्या सुईखाली येतं. नानांची धोतरं एका वाकळीत होती, आत्याचं लुगडं दुसरीत, थोरल्या काकांचं पांघरूण आणि सदरे तिसरीत. आमच्या घरी थंडीत झोपायचं म्हणजे सगळं खानदान अंगावर घेऊन झोपायचं.

"त्यात तुझे नाना हायेत," माय म्हणाली.

"माय, ती वाकळ आहे."

"व्हय, पण त्यात नाना हायेत."

मी तिला समजावलं. (मी फार चांगलं समजावते, सगळे म्हणतात.) भुसा गेला, कडबा गेला, वाकळी गेल्या, वर काळा कागद चढला. पावसाळ्यात तळं भरलं तेव्हा मी खास गेले. रेखाने पेढे वाटले आणि मी बांधावर उभी राहून चार शब्द बोलले.

"याला नुसतं शेततळं म्हणू नका. समुद्राचं पाणी वाळूच्या दांड्याने अडतं आणि मागे उथळ, शांत पाणी राहतं. बाहेर लाटा आपटतात, आत पान हलत नाही. पुस्तकात त्याला खारकच्छ म्हणतात, केरळात कायल म्हणतात, आणि जगभर म्हणतात लगून. हे आपलं लगून!"

"मंग आपला समुद्र कुठंय, आक्का?" गौतमने विचारलं.

मी दक्षिणेला बोट केलं. "गंगा आहे की."

"ती तर पार तिकडं राह्यली."

"मधला बांध जरा रुंद आहे, असं समज."

शब्द मात्र गावाला आवडला. "लगूनवाल्याच्या शेताजवळ उतरवा," असं लोक जीपवाल्याला सांगू लागले. दोन भाऊ वेगळे निघाले की रेखा म्हणायची, "त्यायच्यात बांध पडला, लगून झालं त्यायचं." गल्लीत कुणी फुगून एकटं बसलं तरी ते लगून. मी शिकवलेला शब्द पहिल्यांदाच वर्गाच्या बाहेर गेला होता, आणि मला उगाचच अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं होतं.

मग उन्हाळा आला.

गौतमचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. आधी त्याने माझी तब्येत विचारली. (तिथंच मला शंका आली.)

"आक्का, लगूनमधी भरती येती का गं?"

"समुद्राच्या लगूनमध्ये थोडीफार येते. का रे?"

"न्हाई, आसंच. आनि त्याच्यात... काही राहतं का?"

"मासे असतात, खेकडे असतात, पक्षी येतात."

"मोठं काही? म्हशीयेवढं?"

मी म्हटलं, "गौतम, काय झालंय ते नीट सांग."

त्यानंतर हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. आमच्याकडे शेताची लाइट दुपारी असते, म्हणून तळ्यावरची मोटर भर उन्हात जाऊनच लावावी लागते. एका दुपारी रेखा मोटर लावायला गेली. वारा पडलेला, पक्षी गप्प, बागेत एक पान हलत नव्हतं. तिने बटणाला हात घातला आणि मागून कुणीतरी लांब उसासा टाकला. दमलेल्या माणसाचा असतो तसा. तिने वळून पाहिलं तर तळ्याच्या मधोमध काहीतरी काळं, गोल, गुळगुळीत वर येत होतं. त्याच्या अंगावरून पाणी ओघळत होतं. ते वर आलं, थांबलं, आणि तिथंच राहिलं. रेखा घरी आली ती चपला तळ्यावर सोडून.

पण आमच्या घरात तर भूत नसतं! मग रेखा म्हणाली, "त्या कागदावरून पाय घसरतो, म्या काही आता जात न्हाई." दुसऱ्या दिवशी गौतम गेला, त्यानेही पाहिलं, आणि घरी येऊन म्हणाला, "मला आलीकडं दुपारचं ऊन बिलकुल सोसत न्हाई." एवढं ऊन अंगावर घेऊन वाढलेला माणूस! ढग आले की ते काळं खाली बसायचं, ऊन चढलं की वर यायचं, आणि दर वेळी वेगळ्या जागी. घरात मात्र त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. जेवताना सगळे हवामानाविषयी बोलायचे.

या सगळ्यात मोटर बंद. तळ्यात पाणी आहे, लाइट आहे, ठिबकच्या नळ्या आहेत, आणि बटण दाबायला कुणी जात नाही. मोसंबीची पानं वळायला लागली. बारीक फळं टपाटप गळायला लागली.

"तात्या म्हनत व्हते, एक नारळ देऊन टाक," गौतम म्हणाला. विठ्ठलतात्या म्हणजे आमचे शेजारचे शेतकरी, यांना भुताखेतांचा दांडगा अनुभव. "म्या म्हनलं, आमच्या घरी चालत न्हाई. मंग ते म्हनले, ज्याला लगून लागतं त्याचं आसंच व्हतं."

"लगून लागतं?"

"गावात आसंच म्हनून राह्यलेत आता. लेकरू रडलं की मायबाई म्हनती, गप, न्हाईतर लगूनमधलं येईन."

माझा शब्द! खारकच्छ, कायल, लगून, आणि आता हडळीच्या रांगेत! मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली, लांब दांड्याची छत्री घेतली आणि एसटीत बसले. बाग वाचवायची होती हे खरं, पण खरं सांगायचं तर शब्दाची अब्रूही वाचवायची होती.

शेतात पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर होता. नानांनी लावलेली झाडं हात जोडून उभी असल्यासारखी, पानं मिटून उभी होती. पायाखाली सुपारीएवढी हिरवी फळं पडली होती. गौतम ती पायाने बाजूला सारत चालत होता, एकही तुडवत नव्हता.

"आज मोटर न्हाई लागली तं ह्या झाडायचं काही खरं न्हाई, आक्का," तो म्हणाला. "नानायनं लावलेली हायेत."

"मोटर लागणार," मी म्हणाले. "मी आहे ना."

आम्ही रांगेने निघालो. पुढे मी, मागे गौतम, त्याच्या मागे रेखा, आणि सगळ्यांत शेवटी काठी टेकत माय. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मी वाटेत शास्त्रीय माहिती देत होते. "लगूनच्या तळाशी गाळ साचतो. कधी कधी वाळूचा उंचवटा पाण्याच्या वर येतो. आणि हळूहळू सगळं लगून भरून जमीन होऊन जातं."

"म्हंजे आपलं पानी जानार?" गौतम थांबलाच.

"हजारो वर्षांनी रे!"

"आक्का, तू सांगितलं की लई भ्या वाटतं," रेखा म्हणाली. भीती हा शब्द आमच्या घरात उच्चारला गेल्याची ही पहिलीच वेळ असावी.

बांधावर चढलो. तळं निम्म्यावर आलेलं. काळा कागद उन्हात तापून नुसता चमकत होता. पाणी इतकं स्थिर, की त्यात माझी छत्री स्पष्ट दिसत होती. कुठंही आवाज नाही. आणि मग मोटरीच्या बाजूला पाणी हललं. एक बुडबुडा आला. मग ते वर यायला लागलं.

आधी एक फुगवटा, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि त्यांच्या मागे लांब पाठीसारखं काहीतरी. काळ्या चादरीखाली कुणीतरी उताणं झोपलंय आणि झोपेत गुडघे वर घेतंय, अगदी तसं. ते सावकाश वर आलं. कागदाच्या कडेपाशी फूऽऽस असा उसासा ऐकू आला, आणि कुबट, सडका वास पसरला.

मग माय अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुझे नाना असेच झोपायचे. गुडघे वर करून."

मी एक पाऊल मागे सरले. कारण ते खरं होतं! नाना असेच झोपायचे. आणि ज्या जागी ते वर आलं होतं, बरोबर त्याच जागी मी स्वतः उभी राहून त्यांची वाकळ अंथरून घेतली होती. ज्या माणसाने जन्मभर चिंचेखाली ढेकर दिले, त्यालाच मी भूत करून ठेवलं होतं. नानांना हे कळलं असतं तर ते किती चिडले असते, या विचाराने मला जास्तच भीती वाटली.

रेखाने हळू आवाजात त्रिसरण सुरू केलं, बुद्धं सरणं गच्छामि. गौतम तिच्या मागोमाग म्हणू लागला. मीही तोंड उघडलं, पण काय सांगू, माझ्या तोंडून निघालं, "लगून म्हणजे मोठ्या पाण्यापासून अलग झालेला उथळ जलाशय. लगूनचे उपयोग पुढीलप्रमाणे..."

माय मात्र काठी टेकत कडेला गेली आणि तळ्याकडे तोंड करून म्हणाली, "अवो, जरा सरका तिकडं. मोटर लावायचीय. तुमचीच झाडं वाळून राह्यलीत."

आणि एक ढगाचा तुकडा सूर्यावर आला. ते थोडं खाली बसलं.

मायने आमच्याकडे वळून पाहिलं, जणू मीच भूगोलात नापास! मला ते सहन झालं नाही. "माय, हा नुसता योगायोग आहे," असं म्हणत मी तरातरा पुढे गेले. छत्री मिटून हातात भाल्यासारखी धरली. बटण माझ्यापासून अगदी जवळ होतं. "बघा, यात काहीही..." एवढं बोलले आणि रेखाने जे आधीच सांगितलं होतं ते घडलं. कागदावरून पाय घसरला.

शेततळ्याच्या उतारावर एकदा घसरलं की धरायला काही नसतं. मी बसून, छत्री पुढे धरून, शाळेतल्या घसरगुंडीवरून यावं तशी खाली आले, आणि बुडाले नाही! मोटरीच्या बाजूलाच, गुडघाभर पाण्यात, मऊ गादीवर मी बसले होते. माझ्याखाली काहीतरी हलत होतं.

"आक्का नानायच्या अंगावर बसली!" रेखा किंचाळली.

"न्हाई! म्या न्हाई बसले! म्या पडले!" मी ओरडले. (माझी प्रमाणभाषा तिथंच बुडाली, ती अजून सापडलेली नाही.)

उठायला म्हणून मी छत्री रोवली आणि तिच्यावर सगळा भार टाकला. खच्च असा आवाज झाला. मग असा काही प्रचंड, लांबलचक, बेशरम आवाज निघाला की बागेतले सगळे बगळे एकदम उडाले. त्यामागून वास आला. त्या वासाबद्दल मी इथं लिहिणार नाही, हे पुस्तक लोक घरात ठेवतात.

गादी खाली गेली, आणि मी तिच्याबरोबर. मला पोहता येत नाही. भूगोलात सगळे महासागर शिकवते, पोहता येत नाही! नाकातोंडात पाणी गेलं, डोळ्यांपुढे हिरवंगार झालं, आणि त्या हिरव्यात मला एकच विचार आला: नाना, सॉरी. मग हाताला दोर लागला. शेततळ्यात गाठी मारलेला दोर सोडलेला असतो, तो गौतमने माझ्याकडे फेकला होता. दोघांनी ओढून मला वर काढलं. मी बांधावर पडून खोकत होते आणि रेखा हवा हुंगत उभी होती.

"आगं बया," ती म्हणाली, "ह्यो तं गोबरगॅसचा वास! आमच्या जाफराबादला माहेरी व्हता ना गोबरगॅस, सेम आसाच!"

भुसा, कडबा, वाकळी. खाली ओल लागली, सगळं सडलं, त्याचा गॅस झाला, उन्हात फुगला की कागद वर, सावली आली की खाली. लगूनच्या पोटात एवढंच होतं. गौतम हसायला लागला, रेखा हसायला लागली. मीही खोकत खोकत सडण्याची क्रिया समजावून सांगायला घेतली.

मग गौतमचं हसू मधेच थांबलं.

"आक्का, छत्री कुठंय?"

छत्री तळाशी होती. टोकाने कागद फोडून आत रुतलेली. आणि कागदाला भोक पडलं की काय होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. गौतमने जाऊन मोटर लावली. जेवढं पाणी झाडांना मिळेल तेवढं मिळू दे म्हणून लाइट जाईपर्यंत ती बंद केली नाही. मी ओल्या साडीत बांधावर बसून पाण्याकडे पाहत होते. भुताच्या भीतीपेक्षा ही भीती फार वाईट होती, कारण ही खरी होती. नानांची बाग भुतामुळे वाळली नसती, माझ्यामुळे वाळणार होती. मला रडू आलं. ते ओल्या चेहऱ्यावर कुणाला दिसलं नाही, एवढंच.

रेखाची साडी नेसून मी अंबडला परत आले. रोज सकाळी गौतमला फोन करायची. तो दोरावरची गाठ बघून सांगायचा.

"पानी हाय, आक्का."

"किती कमी झालं?"

"काढलं तेवढंच."

एक दिवस, दुसरा दिवस, आठवडा. पाणी जात नव्हतं. आम्हाला काही कळेना, आणि जाणून घ्यायचा कुणाला धीरही होईना. ठिबक चालू राहिली, मोसंबीने पानं उलगडली, आणि पाऊस पडेपर्यंत त्या पाण्याने बाग तारली.

पुढच्या उन्हाळ्यात तळं रिकामं करून कागद काढला तेव्हा मी हजर होते. छत्री आडवी झालेली, काड्या मोडलेल्या. आणि भोकात खालून एक वाकळ घुसलेली. छत्री कलंडताना काडीत अडकून तिचं टोक वर ओढलं गेलं होतं, भिजून फुगलं होतं, बाटलीला बूच बसावं तसं घट्ट बसलं होतं. बाकी सगळं सडून चिखल झालं होतं, ही तेवढी टिकली होती. गौतमने ती उपसून काढली आणि चिखल पुसला. खाली पांढरं धोतर दिसलं, लाल काठाचं.

मी शास्त्रीय कारण सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"धरून बसले व्हते ते," माय म्हणाली. "वरीसभर."

भुसा उपसला, बारीक माती पसरली, नवा कागद आणला. पण मायचा हट्ट, नानांची वाकळ परत खाली जाणार, आणि तिच्या सोबतीला आणखी एक हवीच. तिने गाठोडं सोडलं, आणि सगळ्यांत वर घडी घालून ठेवलेली माझी हिरवी साडी होती. त्या दिवशी भिजलेली, धुवायला म्हणून ठेवलेली.

"लई जाड पोत हाय," माय साडीवरून हात फिरवत म्हणाली. "ह्याची वाकळ नानायच्या बाजूला टाकू. त्यायला एकट्याला किती धरून बसायला लावायचं?"

"माय! ती साडी मला अजून नेसायचीय!"

"नेस की," माय म्हणाली. "मला कुठं घाई हाय?"

आमच्या घरात कुणीही भुताला मानत नाही. मी भूगोलाची शिक्षिका आहे आणि मुळीच मानत नाही. ती साडी मात्र मी त्याच दुपारच्या एसटीने अंबडला आणली, आणि कपाटाला कुलूप लावलं.